राक्षस किती बलवान असावा? एका खेळाचा ५० वर्षांचा हिशेब

१/
बुद्धिबळाच्या पटावर न्याय डोळ्यांना दिसतो. दोन्ही बाजूंना १६-१६ मोहरी. दोघांचा राजा सारखाच दुबळा, दोघांचा वजीर सारखाच समर्थ. पांढऱ्याला पहिली खेळी मिळते, एवढाच काय तो फरक. हरणाऱ्याला पटाला दोष देता येत नाही.

२/
१९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून एक खेळ बाहेर पडला आणि त्यात ही समता मुळातच नव्हती. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती बसलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी पुरोहित. उरलेला एक जण पंच असतो. त्याला पुढे ‘डन्जन मास्टर’ हे नाव पडले. भुयारे, गावे, वादळे आणि राक्षस, म्हणजे पात्रांव्यतिरिक्तचे सारे जग, तो चालवतो.

३/
एका बाजूला मूठभर पात्रे, दुसऱ्या बाजूला अमर्याद सत्ता. पंचाने मनात आणले तर पहिल्याच दालनात ड्रॅगन उभा करून पाच मिनिटांत खेळ संपवता येतो. उलट प्रत्येक राक्षस एका घावात मरू लागला, तर विजयाला किंमत उरत नाही. मग राक्षस किती बलवान असावा? गेली ५० वर्षे या खेळाचे रचनाकार याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत. त्या झुंजीचा हा इतिहास.

४/
आधी थोडे अंकगणित. सरळ उत्तर सुचते ते असे: दोन्ही बाजू तुल्यबळ ठेवाव्यात. परंतु तुल्यबळ म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० टक्के. एकामागून एक १३ चकमकी लढायच्या असतील, तर सर्वांतून तरून जाण्याची शक्यता ८,१९२ मध्ये एक एवढीच उरते. महिनोन्महिने जपलेले पात्र घेऊन कोणीही अशा जुगाराला बसणार नाही.

५/
प्रत्येक चकमकीत जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तरी १३ चकमकींनंतर ती ५१ टक्क्यांवर येते. ९९ टक्के धरली, तर सुमारे ८८. याचा अर्थ असा की दीर्घकाळ चालणाऱ्या कथेत ‘तोल’ या शब्दाचा अर्थ बरोबरी होऊच शकत नाही. चमूने बहुतेक वेळा जिंकावे, आणि तरीही जिंकणे कधी गृहीत धरता येऊ नये, असा हा विचित्र तोल आहे.

६/
हा तोल सांभाळायचा कोणी? दावेदार तीन. पहिला पंच, त्याच्या अनुभवावर विसंबून. दुसरे छापील कोष्टक, आकड्यांवर विसंबून. तिसरा स्वतः खेळाडू, स्वतःच्या सावधपणावर विसंबून. या खेळाच्या प्रत्येक आवृत्तीने तिघांपैकी कोणाच्या तरी हाती तराजू दिला. त्यातला पंच आणि कोष्टक यांचा वाद तर या खेळापेक्षा सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे.

७/
त्या वादाचे मूळ जर्मन भूमीत सापडते. भारतातील चतुरंग इराण आणि अरब जगातून युरोपात पोहोचले व तिथे बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग यांनी त्याच पटाचा विस्तार करून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफखाना आणला. १८१२ मध्ये प्रशियातील थोरले राइसविट्झ यांनी चौकटींचा पट बाजूला सारून प्रत्यक्ष भूप्रदेशाचा उठाव असलेले मेज राजापुढे ठेवले. १८२४ मध्ये त्यांच्या पुत्राने, तोफखान्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने, ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले.

८/
या नियमांत तीन गोष्टी एकत्र आल्या: नकाशा, पंच आणि फासे. कोणत्या अंतरावरून झाडलेल्या गोळीबारात किती हानी व्हावी, याची कोष्टके होती. हातघाईच्या लढाईत बलाची तफावत जशी असेल, तसा वेगळा फासा टाकला जाई. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ पाहिला आणि सैन्याच्या शिक्षणासाठी त्याची शिफारस केली. विषम बळाच्या दोन बाजूंचा निकाल आकड्यांनी लावता येतो, हा विचार इथे रुजला.

९/
पण कोष्टके पाहण्यात वेळ जाई, आणि रणांगणावर घडणारी प्रत्येक गोष्ट कोष्टकात बसत नसे. १८७६ मध्ये जनरल व्हेर्डी दु व्हेर्न्वा यांनी ‘मुक्त’ युद्धखेळाचा पुरस्कार केला. अनुभवी अधिकारी पंच असेल तर कोष्टकाची गरजच काय, असा त्यांचा प्रश्न होता.

१०/
दोन्ही पक्षांत तथ्य होते. कोष्टक पंचाच्या पक्षपातापासून खेळाडूचे रक्षण करते. पंच कोष्टकाच्या अंधपणापासून खेळाचे रक्षण करतो. पुढे ड्रॅगन आणि जादूगार आले, तरी वादाचे हे दोन टोक बदलले नाहीत.

११/
अटलांटिकपलीकडे अमेरिकन लष्करातील चार्ल्स टॉटन यांनी १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगॉस’ हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेसली यांच्या हाती तो पडला. पंचाची सर्वसमावेशक भूमिका त्यातूनच त्यांनी उचलली. १९६९ मध्ये त्यांनी ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा खेळ रंगवला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे पलटण नव्हती. एकेका व्यक्तीची भूमिका होती, आणि मनात येईल ते करून पाहण्याची मुभा होती.

१२/
त्या टेबलावर डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशात, किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. लेक जिनिव्हाचे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ चा खेळ जन्मला: एका पेटीत तीन पुस्तिका, पहिल्या छपाईच्या १,००० प्रती.

१३/
या पुस्तिकांत ‘चकमकीचा तोल’ असा विषयच नाही. त्याला सबळ कारण होते. एका खेळात ४ ते ५० खेळाडू असू शकतात, असे त्या सांगतात. आज सहा जण आले, पुढच्या आठवड्यात चौदा. कोणाचे पात्र पहिल्या पातळीचे, कोणाचे सहाव्या. अशा ठिकाणी चमूच्या मापाची लढत शिवून ठेवणे अशक्य होते.

१४/
म्हणून तराजू खेळाडूच्या हाती देण्यात आला, तोही एका जिन्याच्या रूपाने. भुयाराचे मजले खाली खाली जात. पहिल्या मजल्यावर बहुधा दुबळे राक्षस. जसजसे खाली उतरावे तसतसे भयंकर. फासा कधी वरच्या मजल्यावरही अनपेक्षित बलवान शत्रू आणी. पण किती खोल उतरायचे, हा निर्णय चमूचा होता. खोली हाच धोक्याचा फलक होता.

१५/
लोभही जिन्याशीच बांधलेला होता. खोलवर संपत्ती अधिक, आणि बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्याचा एक अनुभवगुण. हे गुण साठले की पात्राची पातळी वाढे. आठव्या पातळीच्या पात्राने पाचव्या मजल्यावर सोपी शिकार केली, तर त्याला पाच अष्टमांश गुण मिळत. सुरक्षित राहण्याची किंमत अशी मोजावी लागे.

१६/
१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने राक्षस मारण्याचे गुण बरेच घटवले. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाईच टाळू लागला. राक्षस झोपलेला असताना खजिना उचलावा, दोन टोळ्यांत भांडण लावून द्यावे, तेलाचा बुधला पेटवून पळ काढावा. पंचाकडे दोन फाशांचे कोष्टक असे. समोर आलेला राक्षस चाल करून येतो, बिचकतो की बोलायला तयार होतो, ते त्यावरून ठरे. हरू लागलेले शत्रू धीर सोडून पळतही. भेट म्हणजे लढाई, आणि लढाई म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, असे समीकरण तेव्हा नव्हते.

१७/
या वृत्तीचे टोक म्हणजे ‘टूम ऑफ हॉरर्स’. गायगॅक्स यांनी लिहिलेले हे साहस १९७५ मध्ये ओरिजिन्स या संमेलनातील स्पर्धेसाठी वापरले गेले आणि १९७८ मध्ये छापून आले. त्यात लढाया थोड्या आणि सापळे फार. दगडी मुखातल्या काळोखात शिरणारे पात्र फासा टाकण्याची संधीही न मिळता नाहीसे होई. इथे कसाला लागत होती ती पात्राची ताकद नव्हे, खेळाडूची सावधगिरी.

१८/
या व्यवस्थेचा दोष तिच्या गुणातच दडलेला होता. ती मुरलेल्या पंचावर आणि मुरलेल्या खेळाडूंवर उभी होती. ऐंशीच्या दशकात हा खेळ दुकानांतून शाळकरी मुलांच्या हाती गेला. त्यांच्याजवळ शिकवायला कोणी जाणता नव्हता. हाती होते ते फक्त पुस्तक. छापील साहसांच्या मुखपृष्ठावर ‘पहिली ते तिसरी पातळी’ असा निर्देश असे, पण त्या पातळीची चार पात्रे नेमक्या किती शत्रूंना पुरी पडतील, याचे उत्तर अनुभवाखेरीज कुठेच नव्हते. आणि अनुभव मिळेपर्यंत पात्रे मरत होती.

१९/
त्याच काळात एका लेखाने आकड्यांची मर्यादा कायमची अधोरेखित केली. नोव्हेंबर १९८७ च्या ‘ड्रॅगन’ मासिकात, १२७ व्या अंकात, संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या पंचाच्या कोबोल्डांची हकिकत सांगितली. कोबोल्ड म्हणजे या खेळातला जवळजवळ सर्वांत दुबळा राक्षस. एका घावात संपणारा. समोर सहाव्या ते बाराव्या पातळीची कसलेली पात्रे.

२०/
तरी पळ काढावा लागला तो पात्रांना. कोबोल्ड उघड्यावर येतच नसत. अरुंद बोळ, भिंतीतल्या फटींतून बाण, पेटवलेले अडथळे, मागून येऊन वाट अडवणे, आणि समोरासमोर भिडण्याची वेळ येताच नाहीसे होणे. मराठी वाचकाला या युद्धतंत्राला नाव शोधावे लागत नाही: हा गनिमी कावा. राक्षसाच्या अंगचे आकडे तेच राहिले. भूमी, तयारी आणि बुद्धी यांनी निकाल उलटवला. कोणत्याही कोष्टकात या तिघांसाठी रकाना नव्हता.

२१/
दुसरीकडे खेळाचा हेतूच पालटू लागला होता. १९८४ पासून ट्रेसी हिकमन आणि सहकाऱ्यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसांनी खजिन्याच्या जागी महाकथा आणली. तिच्यातले नायक ठरलेले होते आणि पुढच्या प्रकरणांत त्यांची गरज होती. म्हणून महत्त्वाचे पात्र मेलेच, तर त्याचा मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे ते परतू शकेल, अशी सोय त्या साहसांत होती. भुयारातल्या अनाम लुटारूचे मरण परवडत असे. महाकाव्याच्या नायकाचे परवडत नव्हते.

२२/
१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुवर्णनाण्यांचे अनुभवगुण ऐच्छिक नियमाच्या कोपऱ्यात गेले. शत्रूचा पराभव आणि कथेतील उद्दिष्टे यांचे महत्त्व वाढले. बदल छोटा दिसतो, पण त्याने जुना जिना निखळला. लढाई टाळण्याचा मोबदला घटला. लढाई हाच खेळाचा राजमार्ग झाला. आणि लढावेच लागणार असेल, तर ती लढाई मापाची असावी, ही अपेक्षा ओघानेच आली.

२३/
१९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने खेळाची मूळ प्रकाशक कंपनी विकत घेतली. २००० मध्ये जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेली तिसरी आवृत्ती आली आणि प्रत्येक राक्षसाच्या नावापुढे एक आकडा आला: ‘चॅलेंज रेटिंग’. त्याचा मापदंड चार पात्रांचा चमू. पाचव्या पातळीच्या चार पात्रांना पाच रेटिंगचा राक्षस योग्य. सारखे दोन राक्षस असतील, तर चकमकीची पातळी दोनने वाढवायची.

२४/
या आकड्यामागचा हिशेब रेखीव होता. बरोबरीच्या पातळीच्या चकमकीत चमूची सुमारे २० टक्के साधनसंपत्ती खर्च व्हावी: हिट पॉइंट, मंत्र, औषधे. म्हणजे दिवसाला अशा चार चकमकी, मग विश्रांती. सुमारे १३ चकमकींनंतर पुढची पातळी. धोका एका लढाईत नसून तिच्यामुळे होणाऱ्या झिजेत आहे, हे या आवृत्तीने प्रथमच उघडपणे मांडले. पहिल्या लढाईत मनसोक्त उधळलेला मंत्र चौथ्या लढाईत आठवतो.

२५/
याच पुस्तकातले एक कोष्टक मात्र बहुतेकांच्या विस्मृतीत गेले. साहसात १० टक्के चकमकी सोप्या असाव्यात, २० टक्के युक्तीने सोप्या होणाऱ्या, ५० टक्के तोडीच्या, १५ टक्के फार कठीण, आणि ५ टक्के अशा की ज्यांपासून चमूने पळच काढावा. खुद्द तोलाच्या पुरस्कर्त्यांनी असमतोलाला जागा राखून ठेवली होती. पण नित्य वापरातून लोकांच्या मनात ठसले ते एवढेच: समोर आलेला शत्रू आपल्या मापाचा असतो.

२६/
या गैरसमजाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे त्याच वर्षीचे ‘द फोर्ज ऑफ फ्युरी’ हे साहस. तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या चमूसाठी लिहिलेल्या या साहसात ‘रोपर’ नावाचा, चमूच्या आवाक्यापलीकडचा राक्षस होता. त्याच्याशी बोलणी करावीत किंवा त्याला टाळावे, ही अपेक्षा. १९७५ च्या खेळाडूला ते सांगावे लागले नसते. २००० नंतर मात्र ‘हा शत्रू जिंकण्याजोगा आहे का’ हा प्रश्न विचारण्याची सवयच मोडू लागली होती, आणि हा राक्षस वादाचा विषय झाला.

२७/
आकडाही कधी कधी फसवा निघे. ‘ॲलिप’ या पिशाचाचे रेटिंग ३. पण ते अशरीरी. साध्या शस्त्राने त्याला ओरखडाही उठत नसे, आणि त्याच्या स्पर्शाने पात्राचे शहाणपण झिजत जाई. चमूत समर्थ पुरोहित किंवा जादूची शस्त्रे असतील, तर ही लढत सोपी; नसतील, तर तिसऱ्या पातळीच्या चमूचा अंत. एकच आकडा दोन चमूंना दोन भिन्न गोष्टी सांगत होता. चॅलेंज रेटिंग राक्षसाचे माप घेत होते. लढाई मात्र राक्षस आणि विशिष्ट चमू यांच्या नात्यातून घडते.

२८/
२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा दोष मुळापासून दूर करण्याचे ठरवले. रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स आणि जेम्स वायट यांच्या रचनेत पंचाला अनुभवगुणांचे अंदाजपत्रक मिळाले: पाच पात्रांसमोर त्याच पातळीचे पाच सामान्य राक्षस. ‘एलिट’ राक्षस दोघांच्या तोलाचा, ‘सोलो’ पाचांच्या तोलाचा, आणि एका घावात पडणारे ‘मिनियन’ चार मिळून एकाच्या तोलाचे. प्रत्येकाला नेमून दिलेले काम: कोणी आघाडी धरणारा, कोणी दुरून मारा करणारा, कोणी दबा धरणारा.

२९/
लढाईची आखणी इतकी सोपी यापूर्वी कधीच झाली नव्हती. तरीही गणिताची दुरुस्ती टळली नाही. लढती लांबत गेल्या, राक्षसांचे घाव बोथट वाटू लागले. २०१० च्या तिसऱ्या राक्षस-ग्रंथात रचनाकारांनी राक्षसांची मारकशक्ती वाढवली. शिवाय काहींचा आक्षेप गणिताच्या पलीकडचा होता: प्रत्येक लढाई मापून शिवलेली असेल, तर खेळाडूच्या निवडीला अर्थ काय? जिना चढला काय आणि उतरला काय, समोरचा शत्रू तेवढाच.

३०/
त्या आक्षेपातून जुन्या पद्धतीचे पुनरुज्जीवन बळावले. २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ या नावाने जुने नियम नव्या मांडणीत आले. २००८ मध्ये मॅथ्यू फिंच यांनी एक छोटी पुस्तिका लिहून जुन्या खेळाची तत्त्वे मांडली: नियमापेक्षा पंचाचा निवाडा मोठा, आणि तोलाची हमी कोणीही देत नाही. व्हेर्डी दु व्हेर्न्वा यांचा १८७६ चा युक्तिवादच जणू नव्या वेषात परतला.

३१/
२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही टोके सांधण्याचा प्रयत्न केला. पातळी वाढली तरी नेम साधण्याचे आणि बचावाचे आकडे फार फुगू द्यायचे नाहीत, असे तत्त्व स्वीकारले गेले. परिणामी दुबळे गॉब्लिनही मोठ्या संख्येने आले तर उच्च पातळीच्या योद्ध्याला जखमी करू शकतात. टकरच्या कोबोल्डांना नियमांतच थोडी जागा मिळाली. पण त्यामुळे संख्येचा प्रश्न तीव्र झाला.

३२/
संख्येचे बळ सरळ बेरजेने वाढत नाही. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात याचे गणित मांडले: सर्वांना सर्वांवर मारा करता येत असेल, तर बाजूचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच ताकदीचे ८ विरुद्ध ४ लढले, तर तुलना ६४ विरुद्ध १६ अशी होते; चौघे संपतात तेव्हा आठांपैकी जवळजवळ सात उभे असतात. कारण साधे आहे. अधिक जण म्हणजे अधिक घाव, आणि पडलेला प्रत्येक शत्रू पुढचे घाव कमी करतो.

३३/
पाचव्या आवृत्तीच्या पंच-ग्रंथात हेच तत्त्व गुणकाच्या रूपाने दिसते. दोन राक्षस असतील तर त्यांच्या गुणांची बेरीज दीडपट धरायची, तीन ते सहा असतील तर दुप्पट, पंधरा किंवा अधिक असतील तर चौपट. याची दुसरी बाजू एकट्या महाराक्षसाची. चमूला फेरीत चार-पाच संधी, त्याला एकच. म्हणून इतरांच्या पाळ्यांदरम्यान कृती करण्याची खास मुभा अशा राक्षसांना देण्यात आली.

३४/
तरी जुना पेच उरलाच. हे सारे गणित दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरून मांडले होते. अनेक टेबलांवर कथेच्या एका दिवसात एखाद-दुसरीच लढाई होते. मग झीज होतच नाही. ताजातवाना चमू सारे मंत्र एकाच शत्रूवर रिकामे करतो आणि ‘प्राणघातक’ म्हणवणारी लढत तीन फेऱ्यांत आटोपते. २०२४ च्या नव्या पंच-ग्रंथाने गुणकही काढले आणि दिवसाच्या चकमकींचा तो हिशेबही. उरल्या अवघडपणाच्या तीन श्रेणी.

३५/
काटेकोर गणिताचा पक्षही संपलेला नाही. २०१९ मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत चार पात्रांसाठी मध्यम लढतीचे अंदाजपत्रक ८० गुण, तीव्र लढतीचे १२०, आणि टोकाच्या लढतीचे १६०. या शेवटच्या श्रेणीचे त्या पुस्तकातले वर्णन मार्मिक आहे: दोन्ही बाजू तुल्यबळ ठरण्याचा संभव. बुद्धिबळात जी समता खेळाचा आरंभबिंदू आहे, ती इथे सर्वांत भीषण धोक्याची खूण आहे.

३६/
अर्धशतकाच्या या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. कोष्टके अधिक सूक्ष्म झाली, पण पंचाचे काम त्यांनी संपवले नाही. भूमी, तयारी, शत्रूची बुद्धी, चमूची थकावट, त्या संध्याकाळी टेबलाशी बसलेली माणसे: हे सारे तोलाचे घटक आहेत आणि ते छापील आकड्यात मावत नाहीत. प्रशियाच्या अधिकाऱ्यांना हे १८७६ मध्ये उमगले होते.

३७/
पण म्हणून कोष्टक निरर्थक ठरत नाही. नवख्या पंचाला ते सांगते की त्याने उभा केलेला प्रसंग सोपा आहे की संहारक. त्याने तो मुद्दाम संहारक ठेवला तरी हरकत नाही. अजाणता ठेवू नये, एवढेच. १९७४ च्या जिन्याने खेळाडूला सावध केले आणि २००० च्या आकड्याने पंचाला. साधने वेगळी, काम एकच: धोका आधी कळावा.

३८/
या खेळातला न्याय इथे आहे. पात्र मरते तेव्हा दुःख होतेच, पण ते दुःख अन्याय वाटू लागते ते एकाच परिस्थितीत: जेव्हा खेळाडूला धोका ओळखण्याची, वळण्याची, पळण्याची संधीच मिळालेली नसते. खोल मजल्यावर स्वतःच्या पायांनी उतरलेल्या चमूने पराभवातही गोष्ट कमावलेली असते. ‘टूम ऑफ हॉरर्स’मध्ये मेलेली पात्रे आजही कौतुकाने आठवली जातात, एखाद्या पंचाच्या लहरीत मेलेली पात्रे केवळ त्या टेबलावरची मैत्री पातळ करून जातात.

३९/
म्हणूनच ‘राक्षस किती बलवान असावा?’ या प्रश्नाला अजून अंतिम आकडा मिळालेला नाही, आणि मिळण्याची शक्यताही नाही. राक्षस हवा तेवढा बलवान असू शकतो. मात्र त्याच्या गुहेबाहेरची हाडे खेळाडूंना दिसायला हवीत, आणि ती पाहून परत फिरण्याची वाट उघडी असायला हवी.